दोन झाकणं औषध

निवाऱ्यात कपडे धुणाऱ्या बाईला सगळे कडकमावशी म्हणत. तोंडावर नुसतं मावशी, आणि तिची पाठ वळली की कडकमावशी. तिला हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून आवडतही होतं. भटक्या, टाकून दिलेल्या, गाडीखाली सापडलेल्या कुत्र्यांचा तो निवारा. तिथून अंगाला चार केस न चिकटता कुणी घरी गेलंय असं कधी घडलं नाही. पण मावशीची धुलाईची खोली बघावी. फरशीवर पाय ठेवायला माणूस बिचकायचा. पायपुसण्यालासुद्धा इस्त्री असायची, आणि चपला घालून आत आलात तर तुम्ही मॅनेजरबाई असा नाहीतर डॉक्टर, मावशी सरळ बाहेरचा रस्ता दाखवायची.

तिचा खरा जीव होता पाहुण्यांच्या कोटांवर. कुत्रा घरी न्यायला जो येईल त्याने आपल्या कपड्यांवर निवाऱ्याचा आकाशी कोट चढवायचा, मगच पिंजऱ्यात शिरायचं, असा तिथला नियम. एका पिंजऱ्यातला आजार माणसाच्या कपड्यांवरून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. कोट होते बारा. ते धुवायचे, वाळवायचे, कॉलर ताठ उभी राहील अशी इस्त्री करायची आणि खिडकीतून पाहुण्याच्या हातात द्यायचे, हे मावशीचं काम. कुत्र्यांच्या गोधड्या, पांघरुणं ती साध्या साबणात काढायची. कोटांना मात्र शेवटच्या पाण्यात दोन झाकणं औषध.

हे औषध तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. कामाला लागली त्या आठवड्यात डॉक्टरांनी आपल्या खोलीतल्या चादरी आणि टॉवेल दाखवून सांगितलं होतं की शेवटच्या पाण्यात या बाटलीतली दोन झाकणं टाकत जा, म्हणजे जंतू राहणार नाहीत. मावशीने विचार केला, चादरींना चालतं ते कोटांना का नको? माणसं घालणार, त्यांना तर आधी हवं. तिने घातलं, आणि कोटांना असा काही स्वच्छ, थंड वास आला की मॅनेजरबाई दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणू लागल्या, आमचे कोट जरा हुंगून तर बघा. लोक हुंगायचे आणि खूश व्हायचे. मावशी खिडकीआड उभी राहून ते ऐकायची आणि फुगायची. अशी अकरा वर्षं गेली.

घरी ती आणि तिची नणंद. दोघींचेही नवरे गेलेले, मुलंबाळं नाहीत, तेव्हा एकीच्या दोन खोल्यांत दुसरीने संसार हलवला आणि दोघी भांडत-भांडत सुखाने राहू लागल्या. नणंद तिला म्हणायची, तू मेल्यावरसुद्धा उठून अंगावरच्या चादरीची घडी नीट करशील. मावशी म्हणायची, करीन, कारण तू ती चुरगळून घालशील. याच नणंदेने एकदा, पहिल्या वर्षी, तिला टोचून विचारलं होतं की एवढी कुत्र्यांत असतेस, मग एखादं घरी का आणत नाहीस?

तेव्हा मावशीने एक कुत्री हेरली होती. काळी, आणि चारही पाय पांढरे, जसे मोजेच घातलेत. शेडवाला, म्हणजे कुत्र्यांचं खाणंपिणं नि पिंजरे बघणारा माणूस, तिला मोजेवाली म्हणायचा. मावशीने रीतसर अर्ज केला, इतर पाहुण्यांसारखा आपल्याच हातचा कोट चढवला आणि पिंजऱ्यात गेली. मोजेवाली तिला बघून भिंतीला चिकटली, थरथरली आणि तिथेच मुतली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मावशी बाहेर आली, कोट काढला आणि अर्ज फाडून टाकला. नणंदेला म्हणाली, आपल्या दोन खोल्यांत कुत्रं कुठे ठेवणार. मनातून मात्र तिला लागलं ते लागलंच. कुत्र्याला माणूस बरोबर कळतो, असं सगळे म्हणतात. मग आपल्यात त्या मुक्या जिवाला काय दिसलं असेल, हा विचार तिला कित्येक रात्री खात होता. त्यानंतर ती कुठल्याही कुत्र्याच्या वाटेला गेली नाही.

निवाऱ्याचा आणखी एक नियम होता. तीन वेळा पाहुण्यांपुढे कुत्रा असा घाबरला की त्याची रवानगी मागच्या आवारात. तिथे खायला मिळतं, औषधपाणी होतं, मारत कुणी नाही. पण भिंतीपलीकडच्या त्या आवारात पाहुणे नेत नसत. पुढचे पिंजरे मोजके, रोज नवीन कुत्री येणार, मग कुणालाच नको असलेल्याने जागा अडवून कसं चालेल? मागे गेलेला कुत्रा पुढे आलाय असं अकरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. मोजेवालीही तिकडेच गेली. मावशीने त्या दरवाजाकडे बघणंच सोडलं.

आणि मग यंदा कोपऱ्या आला.

कोपऱ्या हा पिवळसर, मध्यम अंगाचा, एक कान खाली पडलेला कुत्रा. एका उभ्या ट्रकखाली सापडला होता, जबडा फाटलेला. डॉक्टरांच्या खोलीत नऊ दिवस बांधून ठेवून त्याला टाके घातले, सुया टोचल्या, वाचवला. मग त्याला शेवटच्या पिंजऱ्यात आणलं, मावशीच्या खिडकीच्या तिरकस समोर, आणि तो जो खिडकीपासून सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसला तो उठेचना. म्हणून कोपऱ्या.

मावशीचं काम चारला संपायचं. मग ती मागच्या न्हाणीत स्वच्छ आंघोळ करायची, घरून आणलेली साडी नेसायची, कामाचे कपडे पिशवीत कोंबायची. बसला वीस मिनिटं असायची. ती वीस मिनिटं ती कोपऱ्याच्या पिंजऱ्याला टेकून बसायची, कारण बाक तिथेच होता, दुसरं काही कारण नाही, असं ती स्वतःला सांगायची. चौथ्या दिवशी तिच्या पायाला काहीतरी ओलं लागलं. जाळीखालच्या फटीतून कोपऱ्याने नाक बाहेर काढलं होतं. दोन आठवड्यांत फटीतून त्याची हनुवटी बाहेर आली आणि तिच्या पावलावर टेकली. अख्ख्या हनुवटीचा भार. मावशी बस चुकेपर्यंत हलली नाही.

शेडवाल्याला नवल वाटायचं. त्याच्या हातचं कोपऱ्या खायचा, पण अंग चोरून. आणि कडकमावशीच्या पायावर लोळतो? मावशी वरवर म्हणायची, मला काय ठाऊक. आतून तिच्या आनंदाला पारावार नव्हता. अकरा वर्षांनी का होईना, एका कुत्र्याला तिच्यात काहीतरी चांगलं दिसलं होतं. मला ओळखतो तो, ती नणंदेला सांगायची. फक्त मला.

कोपऱ्याला बघायला पहिल्यांदा एक कुटुंब आलं. कोट चढवून आत गेलं, आणि कोपऱ्याने भिंत उकरायला सुरुवात केली. गेलं कुटुंब. एक झालं. महिन्याभराने चष्मेवाले आले. बाजारात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, निवाऱ्यातल्या निम्म्या लोकांच्या नाकावर त्यांचंच काम. साठीकडे झुकलेले, एकटे, हळू बोलणारे. घरी आई होती ती दोन वर्षांपूर्वी गेली. त्यांनी मावशीच्या खिडकीतून कोट घेतला, घातला, आणि पाच मिनिटांत पांढऱ्याफटक चेहऱ्याने परत आले. कोपऱ्या त्यांना बघून किंचाळला होता. कोट परत देताना त्यांनी मावशीला विचारलं की माझं काही चुकलं का हो. मावशीला त्यांची दया आली, पण सत्य ते सत्य, आणि शिवाय कोपऱ्या तिचा होता, नाही का? ती म्हणाली, "तुमचं कसं चुकेल? पण कुत्र्याला माणूस बरोबर कळतो."

चष्मेवाले मान खाली घालून गेले. मावशी दुसऱ्या कोटाला इस्त्री करायला लागली. दोन झालं.

त्यानंतर मावशीची दाढ सुजली. पंधरा दिवस तिने लवंग चावून काढले. शेवटी एक डोळा झाकेल इतका गाल फुगला, तेव्हा नणंदेने तिला हाताला धरून दातांच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. दाढ काढली, ताप आला, सोमवार ते बुधवार मावशी अंथरुणात. अकरा वर्षांतली पहिली रजा. तापातही तिचं एकच, कोटांचं काय झालं असेल?

गुरुवारी ती कामावर आली ती थेट दोरीकडे. आणि तिथे जे दिसलं त्याने तिचा ताप पुन्हा चढतो की काय असं झालं. अकरा कोट दोरीवर कसेबसे लटकलेले, चुरगळलेले, एकाची कॉलर तर कानात बोळा घालावा तशी आत कोंबलेली. बारावा मॅनेजरबाईंच्या दाराआड खुंटीला. शेडवाल्याने साबणाच्या पाण्यात बुचकळून वाळत घातले होते, इस्त्रीचा पत्ता नाही. मावशीने त्याची अशी काही हजेरी घेतली की तीन पिंजरे पलीकडची कुत्री भुंकायची थांबली.

तो बिचारा ऐकून घेत होता, कारण त्याच्या पोटात दुसरीच बातमी मावत नव्हती. चष्मेवाले बुधवारी पुन्हा आले होते. राहवलं नाही म्हणे, एकदा नुसतं बघून जातो म्हणाले. आणि कोपऱ्या त्यांच्या पायाशी आला. हात चाटला. वर त्यांच्या बुटावर हनुवटी ठेवून बसला, चांगली पंधरा मिनिटं. चष्मेवाले रडले. उद्याचा दिवस दुकानात गुंतलोय, परवा येतो आणि घेऊनच जातो, असं सांगून गेले.

"हनुवटी?" मावशीने विचारलं.

"अख्खी," शेडवाला म्हणाला.

आनंद व्हायला हवा होता हे तिलाही कळत होतं, आणि झाला नाही याची लाजही वाटली. तीन दिवस आपण नव्हतो, तर तीन दिवसांत याने दुसऱ्याच्या बुटावर हनुवटी टेकली. म्हणजे फक्त मला ओळखतो वगैरे सगळं खोटंच. तिने पदर खोचला, अकराच्या अकरा कोट पुन्हा भिजवले आणि सगळा राग त्यांच्यावर काढला. घासले, पिळले, शेवटच्या पाण्यात दोन झाकणं औषध टाकलं, जरा जास्तच टाकलं, आणि संध्याकाळपर्यंत अशी इस्त्री केली की कोट जमिनीवर उभे राहिले असते. न्यायचाच असेल कोपऱ्याला, तर कुणी चुरगळलेल्या कोटात तरी नेऊ नये.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला चष्मेवाले आले. नवा पट्टा आणला होता, मऊ कातड्याचा, आणि एक छोटं पांघरूण. मावशीने त्यांना सगळ्यांत चांगला कोट दिला. त्यांनी तो घातला तेव्हा त्यांचे हात किंचित थरथरले, हे तिने पाहिलं. आनंदाने असेल, तिला वाटलं. ती वळली आणि डॉक्टरांच्या चादरी शेवटच्या पाण्यातून काढू लागली.

पहिली किंकाळी ऐकू आली तेव्हा तिला वाटलं, दुसऱ्याच कुठल्या कुत्र्याची. मग जाळी धडधडली. ती ओल्या हातांनी तशीच धावली.

कोपऱ्या भिंतीवर चढायला बघत होता. नखं सिमेंटवर घासत होती, एका पंज्यातून रक्त येत होतं, आणि खाली सगळं ओलं. चष्मेवाले पिंजऱ्याच्या मध्ये दगडासारखे उभे, हातात पट्टा. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि कोपऱ्याने हवेत दात आपटले. शेडवाल्याने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. मावशी आत शिरली. आपण गेलो की शांत होईल, आपल्याला तर ओळखतो ना तो.

"कोपऱ्या," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

कोपऱ्याने तिच्याकडे पाहिलं. आणि तो तिच्यापासून मागे सरकला. ओठ वर गेले, दात दिसले, तो कोपऱ्यात इतका दाबून बसला की जणू भिंतीत शिरेल, आणि तिथून तो कण्हायला लागला. तिला बघून. रोज जो पावलावर हनुवटी टेकतो, त्याला आज ती राक्षस दिसत होती.

बाहेर चष्मेवाले कोट काढत होते. बटणं सुटत नव्हती. पट्टा त्यांनी बाकावर ठेवला आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "तुम्ही बरोबर सांगितलं होतंत. त्याला कळतं." आणि ते निघून गेले. मॅनेजरबाईंनी खूप वेळ कोपऱ्याच्या कार्डाकडे पाहिलं, मग त्यावर लिहिलं, मागे. सोमवारी सकाळी.

मावशीने ते दुपारचे तास कसे काढले तिचं तिला ठाऊक. चारला तिने सवयीने आंघोळ केली, साडी नेसली, बाकावर जाऊन बसली. बघायची तिची हिंमत नव्हती. दहा मिनिटं गेली. मग फटीतून ओलं नाक, आणि मग तीच हनुवटी, तोच भार. रक्ताळलेला पंजासुद्धा त्याने फटीतून तिच्या चपलेवर ठेवला.

मावशी त्या पंज्याकडे बघत राहिली. बाई तीच. सकाळची आणि आत्ताची, बाई तीच. मग मधे काय बदललं? आंघोळ. साडी. तिने स्वतःचे हात नाकाशी नेले. साबणाचा वास. पिशवीतून सकाळची ओली झालेली साडी काढली आणि नाकाशी नेली. डॉक्टरांच्या खोलीचा वास.

पायावरचा भार गेला. कोपऱ्या केव्हाच लांबच्या कोपऱ्यात पोचला होता.

ती उठली. साडी न्हाणीत टाकली, हात कोपरापर्यंत तीनदा धुतले आणि मॅनेजरबाईंच्या दाराआडचा तो बारावा, चुरगळलेला, शेडवाल्याच्या हातचा कोट आणला. जाळीखालून आत सरकवला. कोपऱ्या आला, हुंगलं, आणि त्या कोटावर अंग टाकून झोपला. मग तिने इस्त्रीचा एक कोट आणला. तिला जाळीपर्यंत जावंच लागलं नाही. सहा पावलांवर असतानाच तो उठून भिंतीला चिकटला.

मावशी तिथेच फरशीवर बसली, आयुष्यात पहिल्यांदा न पुसलेल्या फरशीवर. खिडकीपासून सगळ्यांत लांबचा कोपरा. तिला वाटायचं त्याला सावली आवडते. त्याच बाटलीच्या वासात या जिवाला नऊ दिवस बांधलं होतं, भोसकलं होतं, शिवलं होतं, आणि तोच वास ती माणसांच्या अंगावर चढवून त्याच्याकडे पाठवत होती. निवाऱ्यात येणारं प्रत्येक कुत्रं आधी डॉक्टरांच्या त्याच खोलीतून जायचं. जी कुत्री मुळातच धीट, ती कसल्याही वासाच्या माणसावर उड्या मारतात, त्यांना घरं मिळत गेली. आणि जी भित्री, त्यांच्याबद्दल काय म्हणायचं सगळे? भित्रीच आहेत. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. अकरा वर्षं. भिंतीपलीकडे किती आहेत ती? तीस? चाळीस? ती त्यांची पांघरुणं धुते, तिने कधी मोजली नाहीत. आणि किती माणसं असा कोट काढून, मान खाली घालून, आपल्यात काहीतरी वाईट आहे असं समजून घरी गेली असतील? त्यातल्या एकीला तर ती चांगली ओळखत होती. ती स्वतःच.

मॅनेजरबाईंना तिने सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग मावशीने दोन्ही कोट घेऊन त्यांना पिंजऱ्याशी नेलं. तिथे मावशीलाच त्यांना बाकावर बसवावं लागलं. हुंगून बघा, हुंगून बघा म्हणत आपणच ते लोकांच्या नाकाशी धरत होतो, हे त्यांनी दोनदा पुटपुटलं. मग त्या म्हणाल्या की कोपऱ्याला मागे पाठवायचं मी थांबवते, औषध उद्यापासून बंद, पण मावशी, हे बाहेर कशाला सांगायचं? कुणाचं भलं होणार त्यात? त्या वाईट नव्हत्या. घाबरल्या होत्या.

"एकाला तरी सांगायलाच हवं," मावशी म्हणाली.

शनिवारी सकाळी ती चष्म्यांच्या दुकानात गेली. चष्मेवाले भिंगाला कड घासत होते. तिला बघून त्यांनी यंत्र बंद केलं आणि खुर्ची पुढे केली. मावशी बसली नाही. उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं, चादरी, कोट, दोन झाकणं, बुधवारचा साबण, गुरुवारचा तिचा राग. एक अक्षर वगळलं नाही. तिला वाटलं की आता हे आपल्याला हाकलतील, आणि हाकलावंच.

"म्हणजे त्याला माझ्यातलं काही कळलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. त्याला फक्त दवाखान्याचा वास आला."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. मग सांगितलं. आई शेवटचे दोन महिने दवाखान्यात होती. लहानपणी त्यांचं स्वतःचं मोठं आजारपण झालेलं, तेव्हापासून त्यांना तो वास सोसत नाही, नाकात गेला की पाय पुढे पडत नाहीत. रोज जायचे आणि फाटकाशी उभे राहायचे. डबा नर्सकडे द्यायचे. आत फक्त चार वेळा गेले. आई गेली तेव्हाही ते फाटकाशीच होते. मावशीने तेव्हा खिडकीतून जे म्हटलं, ते ऐकून त्यांना वाटलं, बरोबर, या कुत्र्याला तेच कळलं. दीड महिना ते हेच घेऊन झोपत होते. बुधवारी वाटलं, सुटलो. काल पुन्हा.

मावशीने काउंटर धरला. आपण एक वाक्य बोललो होतो, इस्त्री गरम होती म्हणून पटकन बोललो होतो. त्या वाक्याने या माणसाचं हे झालं होतं. तिला क्षमा मागायची होती, पण त्या शब्दाचा आकारच तिला या सगळ्यापुढे फार लहान वाटला.

"कोट घालताना तुमचे हात कापत होते," ती म्हणाली. "मी पाहिलं. मला वाटलं आनंदाने."

"वासाने," चष्मेवाले म्हणाले. "तो आणि मी, आम्ही दोघंही वासाला घाबरलो, आणि दोघांनाही वाटलं समोरच्यालाच घाबरलो." मग त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, रविवारी निवारा किती वाजता उघडतो?

रविवारी दहाला ते आपल्या नेहमीच्या शर्टात आत गेले. नियम मोडून, मॅनेजरबाईंच्या समोर. मावशी मुद्दाम खूप लांब उभी होती, घरून आंघोळ करून आलेली, तरी लांब. कोपऱ्या उठला, थांबला, पोट जमिनीला घासत निम्मं अंतर आला. पुन्हा थांबला. मग त्याने चष्मेवाल्यांच्या बुटावर हनुवटी टेकली. पट्टा घालताना तो थरथरला, पण त्यांच्या हातापासून लांब सरकला नाही. फाटकातून बाहेर पडताना त्याने एकदा मागे वळून पाहिलं. मावशीकडेच पाहिलं असं शेडवाला आजही शपथेवर सांगतो. मावशी म्हणते, उगाच काहीतरी सांगू नकोस, मला आता कुत्र्यांच्या मनातलं कळतं असं वाटेनासं झालंय.

दुपारी तिने शेडवाल्याकडे मागच्या दरवाजाची किल्ली मागितली. मॅनेजरबाईही मागोमाग आल्या. अकरा वर्षांत मावशीने तो दरवाजा ओलांडला नव्हता. पलीकडे लांबट आवार, पत्र्याची शेड, आणि तिने धुतलेली पांघरुणं, प्रत्येक पांघरुणावर एकेक कुत्रा. सगळ्यांनी माना वर केल्या. कुणी भुंकलं नाही. मावशी मधोमध जमिनीवर बसली, पाय पुढे पसरून, चपला काढून. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक आला. मग दोन. शेवटी इतके आले की मॅनेजरबाईंनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळल्या.

सगळ्यांत उशिरा शेडमधून एक म्हातारी कुत्री बाहेर आली. काळी म्हणावी तर तोंड पार पिकलेलं, मागचे पाय ओढत चालणारी. पाय पांढरे, चारही. इतर कुत्री बाजूला झाली. ती मावशीच्या जवळ आली, आधी हात हुंगला, मग साडी, मग पुन्हा हात. घाई नव्हती तिला. मग ती मावशीच्या मांडीला टेकून खाली बसली आणि एक मोठा सुस्कारा सोडून डोळे मिटले.

एवढंच होतं तर. एवढंच करायचं होतं, आंघोळ करून यायचं होतं, आणि अकरा वर्षं ती भिंतीच्या एका बाजूला नि आपण दुसऱ्या. तिने मोजेवालीच्या डोक्यावर हात ठेवला. हाताखाली हाडं लागली.

"हिचं कार्ड काढा," ती म्हणाली.

मॅनेजरबाई डोळे पुसत म्हणाल्या की काढते, पण मावशी, विचार करा, हिचं वय झालंय, फार दिवस नाही राहणार ती.

"माझंही झालंय," मावशी म्हणाली, आणि शेडवाल्याला सांगितलं की हिला उचलायला जरा हात लाव, पण आधी ते हात साबणाने धुऊन ये.